वाचक विचारतात : ग्योझा कोणाचा?

मागच्या अंकात मोमोच्या तिखट चटणीविषयी एका वाचकाला उत्तर देताना जपानी ग्योझाचा, म्हणजे सारण भरून तव्यावर खरपूस केलेल्या पारीच्या पदार्थाचा, ओझरता उल्लेख आला होता आणि ‘हा मूळचा चिनी पदार्थ’ एवढेच सांगून आम्ही पुढे गेलो होतो. त्या एका वाक्यावर बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी आणि संकेश्वर या भागांतून इतकी पत्रे आली, की या वेळचे सदर याच विषयाला द्यावे असे ठरले. सारख्या आशयाची पत्रे एकत्र केली असून जागेअभावी काही मजकूर कमी केला आहे.

प्रश्न : आमच्या कॉलेजच्या रस्त्यावर मोमोच्या गाड्यावर आता ‘जपानी ग्योझा’ अशी पाटी लागली आहे. आपण त्याला चिनी म्हणता. मग पाटी खोटी की आपले उत्तर अपुरे? (विद्यार्थी, टिळकवाडी, बेळगाव)

उत्तर : पाटी खोटी नाही, आमचे उत्तर मात्र त्रोटक होते. ग्योझाचा वंश चिनी आणि संस्कार जपानी, असे म्हटल्यास ते वस्तुस्थितीला धरून होईल. कोणता पदार्थ कोणाचा, हा प्रश्न सीमाभागातल्या माणसाला हातातला घास खाली ठेवून वाद घालायला लावणारा असतो, याची आम्हांस कल्पना आहे. म्हणून थोडे तपशिलात जातो.

चीनमध्ये गव्हाच्या पिठाच्या पातळ पारीत मांस आणि भाजी यांचे सारण भरून, कडा दाबून बंद केलेल्या पदार्थाला जिआओझी म्हणतात. चीनचा दक्षिण भाग भाताचा आणि उत्तर भाग गव्हाचा आहे. त्यामुळे जिआओझीही मुख्यतः उत्तरेची. तिचे वय किती, याचा भक्कम पुरावा शिनजियांग प्रांतातील तुर्फानजवळच्या अस्ताना येथील थडग्यांत मिळाला. तांग राजवटीच्या काळातील (इ. स. ६१८ ते ९०७) या थडग्यांत मृतांसाठी ठेवलेल्या अन्नामध्ये, वाळवंटाच्या कोरड्या हवेमुळे वाळून टिकून राहिलेल्या जिआओझी सापडल्या आणि त्यांचा चंद्रकोरीसारखा आकार आजच्या जिआओझीशी जुळतो. याहून जुनी अशी एक कथाही चीनमध्ये सांगतात. हान राजवटीच्या अखेरच्या काळातील झांग झोंगजिंग या वैद्याने कडाक्याच्या थंडीत कान गारठून जखमा झालेल्या गोरगरिबांना मेंढीचे मांस आणि उष्ण औषधी घातलेल्या, कानाच्या आकाराच्या जिआओझी उकडून खाऊ घातल्या, अशी ती कथा आहे. वैद्य ऐतिहासिक पुरुष आहे, कथा मात्र दंतकथा म्हणूनच घ्यावी. तरीही उत्तर चीनमध्ये हिवाळ्यातील सर्वांत लहान दिवशी जिआओझी खाल्ली नाही तर कान गळून पडतील, असे वडीलधारी मंडळी मुलांना अजून बजावतात. चिनी नववर्षाच्या आदल्या रात्री सारे घर एकत्र बसून जिआओझी भरते. जुन्या काळच्या चांदीच्या लगडीसारखा त्यांचा आकार समृद्धीचे लक्षण मानला जातो आणि एखादीत नाणे दडवून ठेवण्याचीही प्रथा आहे.

आता जपानकडे वळू. जपानने १९३१ मध्ये ईशान्य चीनमधील मांचुरियावर आक्रमण केले आणि १९३२ मध्ये तेथे मांचुकुओ नावाचे आपल्या तंत्राने चालणारे राज्य उभे केले. त्यानंतर सैनिकांबरोबर कारकून, रेल्वेचे नोकर, व्यापारी आणि जपानमधील गरीब शेतकरी कुटुंबे लाखोंच्या संख्येने तेथे जाऊन राहिली. मांचुरिया हा जिआओझीचाच मुलूख. १९४५ मध्ये जपानचा पराभव झाला आणि ही माणसे बहुतेक सर्वस्व गमावून मायदेशी परतली. देशात तांदळाची टंचाई होती. अमेरिकेकडून येणारा गहू आणि त्याचे पीठ त्या मानाने मिळत होते. हाताला काम नसलेल्या अनेकांनी उद्ध्वस्त शहरांतल्या काळ्या बाजारांच्या कडेला हातगाड्या आणि टपऱ्या टाकल्या आणि मांचुरियात शिकलेला पदार्थ विकायला सुरुवात केली. आज जपानमध्ये घरोघर खाल्ला जाणारा ग्योझा खऱ्या अर्थाने या टपऱ्यांवर रुजला. दुसऱ्यांच्या भूमीवर बळाने केलेल्या राज्याची ही एक खाण्यायोग्य निशाणी आहे, हे चमचमीत जाहिरातींमध्ये सहसा सांगितले जात नाही.

प्रश्न : पदार्थ एकच असेल तर दोन्हींच्या चवीत आणि करण्यात फरक का सांगतात? मुलीने इंटरनेटवर पाहून केलेले ग्योझा खालून खरपूस आणि वरून मऊ झाले होते. ते तसेच असतात की तिचे काही चुकले? (गृहिणी, शहापूर, बेळगाव)

उत्तर : मुलीचे काहीही चुकलेले नाही, ग्योझाची ओळखच ती आहे, आणि पहिल्याच प्रयत्नात हे साधले असेल तर तिच्या हाताला वळण आहे असे म्हणावे लागेल.

चीनमध्ये जिआओझी तीन प्रकारे शिजवतात. पाण्यात उकळून केलेली सर्वांत प्रचलित, मग वाफवलेली, आणि तव्यावर तेलात खरपूस केलेली. या तिसऱ्या प्रकाराला गुओतिए म्हणतात. उकळलेल्या जिआओझी उरल्या तर दुसऱ्या दिवशी त्या परतून खाण्याची रीतही घरोघर आहे. जपानने मात्र तिसऱ्याच प्रकाराला पहिल्या पाटावर बसवले. जपानमध्ये नुसते ग्योझा म्हटले की तव्यावरचेच समजायचे. उकळलेले किंवा तळलेले हवे असतील तर तसे वेगळे सांगावे लागते.

पारीतील फरकही शिजवण्याच्या या रीतीतून आला आहे. उकळत्या पाण्यात फुटू नये म्हणून चिनी घरातील पारी जाडसर असते, कडेला पातळ आणि मध्ये किंचित जाड अशी लाटलेली, आणि तिची कणीक गार पाण्यात भिजवतात. गार पाण्याने पिठाला चिवटपणा पुरता येतो आणि पारी ताण सहन करते. वाफवण्यासाठी किंवा तव्यासाठी कढत पाण्यात भिजवलेली कणीक घेण्याची पद्धत आहे, कारण कढत पाण्याने पिठातील पिष्ट तिथेच अर्धवट शिजते आणि पारी मऊ, लवचीक होते. उकडीच्या मोदकाची पारी करणाऱ्या आपल्यासारख्या बाईंना हे अधिक सांगायला नको. जपानी पारी याहूनही पातळ असते. ती बहुधा यंत्रावर केलेली, दुकानातून आणलेली असते. तिच्या एकाच बाजूला चुण्या घालतात आणि दुसरी बाजू सपाट ठेवतात, त्यामुळे ग्योझा तव्यावर बूड टेकून नीट बसतो. आपण करंजीला मुरड घालतो ती पूर्ण कडेला असते आणि तळताना सारण बाहेर येऊ नये एवढाच तिचा हेतू असतो. ग्योझाच्या चुण्यांमुळे त्याला बाक येऊन तो उभा राहू शकतो.

तव्यावरची कृती अशी. चांगल्या तापलेल्या बिडाच्या तव्यावर तेल पसरून ग्योझा एकमेकांना लागून मांडायचे, बूड तांबूस होऊ लागले की त्यांच्या उंचीच्या पाव भागापर्यंत पाणी ओतून लगेच झाकण ठेवायचे. चर्र असा मोठा आवाज होतो, तो बदलत बदलत पाणी आटल्यावर बारीक तडतडीवर येतो. तेव्हा झाकण काढून आणखी थोडा वेळ ठेवायचे, म्हणजे बूड पुन्हा कुरकुरीत होते. या पाण्यात चमचाभर मैदा कालवला तर पाणी उडून गेल्यावर ग्योझांना जोडणारी जाळीदार पापडी तयार होते, तिला जपानी लोक पंख म्हणतात. उलथने खालून घालून सगळे एकदम काढायचे आणि ताटलीत उलटे, खरपूस बाजू वर येईल असे ठेवायचे.

सारणात डुकराच्या मांसाचा खिमा, कोबी, लसणीच्या वासाची हिरवी पात, आले आणि तिळाचे तेल दोन्ही देशांत येते. फरक लसणीचा आहे. उत्तर चीनमध्ये लसूण बहुधा सारणाबाहेर असते. जिआओझीबरोबर कच्ची पाकळी चावून खातात किंवा ती काळ्या शिरक्यात मुरवलेली असते. जपानने ती ठेचून सरळ सारणात घातली. म्हणून जपानी ग्योझाचा वास दारापर्यंत येतो आणि दुसऱ्या दिवशी महत्त्वाची भेट असेल तर कित्येक जण तो टाळतात. तोंडी लावायला जपानमध्ये सोया सॉस, शिरका आणि लाल मिरचीचे तेल यांचे मिश्रण असते.

आमच्या मते सर्वांत मोठा बदल ताटातील जागेचा आहे. चीनमध्ये जिआओझी हेच जेवण. माणूस वीस-पंचवीस खातो आणि उठतो. जपानमध्ये ग्योझा पाच-सहाच्या ओळीत येतो आणि तो भाताबरोबर, रामेनच्या (रश्शातील शेवयांच्या) वाडग्याबरोबर किंवा बिअरबरोबर खाल्ला जातो. गव्हाच्या पारीसोबत पांढरा भात हे चिनी पाहुण्याला विचित्र वाटते. चपाती संपवून मागचा भात वाढून घेणाऱ्या आपल्याला त्यात काही वावगे दिसणार नाही. पण जो पदार्थ पूर्ण जेवण होता, तो तोंडीलावणे झाल्यावर त्याची पारी पातळ होणे, चव तीव्र होणे आणि आकार आटोपशीर होणे हे ओघानेच आले.

प्रश्न : लिपी, चहा, बौद्ध धर्म हे सारे जपानने चीनकडून हजार-दीड हजार वर्षांपूर्वीच घेतले. मग जिआओझी १९४५ पर्यंत का थांबली? (निवृत्त शिक्षक, खानापूर)

उत्तर : या विषयावर आलेल्या पत्रांत आम्हांस सर्वांत आवडलेला प्रश्न हा आहे. ती पूर्णपणे थांबली नव्हती, पण समाजात शिरली नाही. सतराव्या शतकात मितोचा अधिपती तोकुगावा मित्सुकुनी याने चीनमधून परागंदा झालेल्या झू शुन्श्वी या पंडिताला आश्रय दिला होता आणि त्याच्याकडून शिकलेला पदार्थ खाऊन मित्सुकुनी हा ग्योझा खाणारा पहिला जपानी ठरला, अशी परंपरा सांगितली जाते. तथापि ती एका दरबारातली हौस होती. लोकांच्या ताटात न येण्यास मुख्य कारण मांस. सम्राट तेन्मू याने ६७५ मध्ये गाय, घोडा, कुत्रा, माकड आणि कोंबडी यांच्या मांसावर बंधन घातले. त्या आज्ञेत डुक्कर नव्हते आणि शिकारीचे मांस डोंगराळ भागांत खाल्लेही जात होते, परंतु बौद्ध विचाराच्या प्रभावाखाली चार पायांच्या प्राण्यांचे मांस सभ्य घरात निषिद्ध मानण्याची वृत्ती पुढे कित्येक शतके टिकली. सम्राट मेइजी यांनी १८७२ मध्ये गोमांस खाल्ल्याचे जाहीर झाले, तेव्हा कुठे ही भिंत उघडपणे पडू लागली. मांसाचा खिमा हाच ज्याचा प्राण, तो पदार्थ त्यापूर्वी तेथे रुजणे अवघड होते.

याचा उलट पुरावाही उपलब्ध आहे. चौदाव्या शतकाच्या मध्यास, १३४९ च्या सुमारास, लिन जिंगयिन नावाचा एक चिनी माणूस झेन पंथाच्या एका बौद्ध भिक्षूबरोबर जपानमध्ये आला आणि नारा येथे स्थायिक झाला. जपानी उच्चाराप्रमाणे त्याला रिन जोइन म्हणतात. चीनमध्ये मांस भरून वाफवतात त्या गोळ्यांत, भिक्षूंना मांस चालत नाही हे पाहून, त्याने तांबड्या चवळीसारख्या अझुकी कडधान्याचे गोड पुरण भरले, अशी हकीकत आहे. तोच जपानचा मांजू, आणि नारा येथे रिन जोइनच्या नावाने आजही एक लहान देवस्थान आहे. म्हणजे चिनी पारी जपानने सहाशे-सातशे वर्षांपूर्वीच स्वीकारली होती. नाकारले होते ते आतले सारण. आपण शिक्षक आहात, तेव्हा इतिहासाच्या तासाला मुलांना हे अवश्य सांगा. सनावळीपेक्षा पुरणामुळे लक्षात राहील.

प्रश्न : माझा मुलगा नोकरीनिमित्त जपानमध्ये हामामात्सु येथे आहे. ग्योझाची राजधानी आमचेच शहर, असे तो लिहितो; त्याचा मित्र उत्सुनोमिया हे नाव घेतो. खरे कोण? (निपाणी)

उत्तर : दोघांनाही आपापल्या ठिकाणी खरे म्हणावे लागेल, आणि मियाझाकी हे तिसरे शहरही दावेदार आहे. उत्सुनोमिया हे तोचिगी प्रांताचे मुख्य शहर. तेथे तळ असलेली जपानी लष्कराची चौदावी डिव्हिजन मांचुरियात गेली होती आणि परतलेल्या सैनिकांनी ग्योझा आणला, असे तेथील लोक मानतात. रेल्वे स्थानकाबाहेर त्यांनी स्थानिक ओया दगडात ग्योझाची पारी पांघरलेल्या देवीची मूर्ती बसवली आहे. २००८ मध्ये जागा बदलताना ती पडून दुभंगली आणि नंतर सांधून पुन्हा उभी केली. हामामात्सुचे ग्योझा तव्यावर गोलाकार मांडतात आणि मध्ये मोकळ्या राहिलेल्या जागेत उकडलेले कडधान्याचे मोड ठेवून देतात. आपल्या चिरंजीवांनी ते खाल्ले असतीलच.

पहिला क्रमांक ठरतो तो सरकारच्या कौटुंबिक खर्चाच्या पाहणीवरून. अनेक वर्षे उत्सुनोमिया पुढे होते, मग हामामात्सुने ते मागे टाकले, आणि २०२१ मध्ये मियाझाकीने दोघांनाही मागे टाकले. गंमत अशी की, या पाहणीत दुकानातून घरी नेलेले ग्योझाच धरतात. हॉटेलात बसून खाल्लेले आणि गोठवलेल्या पाकिटातले मोजत नाहीत. ज्या शहराची ख्यातीच ग्योझाच्या हॉटेलांवर आहे, त्याचा हा पराभव कितपत खरा मानायचा, हे आपणच ठरवावे.

प्रश्न : एका हॉटेलात ‘जपानी डंपलिंग’ मागवले तर काडीला टोचलेले तीन चिकट गोड गोळे आले. फसवणूक झाली का? (संकेश्वर)

उत्तर : नाही. तो दांगो. तांदळाच्या पिठाचे गोळे उकडून किंवा भाजून करतात, आत सारण नसते आणि ग्योझाशी त्याचे काही नाते नाही. सोया सॉस आणि साखर यांचा पाक लावलेला प्रकार विशेष लोकप्रिय आहे. पुढच्या वेळी पदार्थाचे नाव घेऊन मागवावे.

प्रश्न : मोमो, ग्योझा आणि आपले कडबू ही एकाच घराण्यातील भावंडे समजावीत का? कडबूही चीनमधून आला असेल का? (कॅम्प, बेळगाव)

उत्तर : मोमो आणि ग्योझा निश्चितच नात्यातले आहेत. मोमो हा तिबेट आणि नेपाळचा पदार्थ. तो कर्नाटकाला परका वाटत असला तरी उत्तर कन्नड जिल्ह्यातील मुंडगोड येथे १९६६ पासून तिबेटी निर्वासितांची मोठी वसाहत आहे, आणि दर हिवाळ्यात स्वेटर विकायला येणारे तिबेटी आपल्या भागालाही नवे नाहीत. कोरियाचा मांडू, मध्य आशियापासून तुर्कस्तानापर्यंतची मान्ती हेही याच विस्तृत गोतावळ्यात मोडतात.

कडबूविषयी मात्र आम्ही असे म्हणणार नाही. पुरण भरून, मुरड घालून तुपात किंवा तेलात तळलेला कडबू पूर्णतः आपल्या पुरणाच्या परंपरेतला आहे. पोळी, दिंड, करंजी हे त्याचे सख्खे सोबती. पिठाची पारी करून तिच्यात काही भरावे, ही कल्पना सुचायला कोणाकडे शिकायला जावे लागत नाही. तो कानडी की मराठी, या प्रश्नात हे सदर पडणार नाही.

प्रश्न : आमचे घर जैन आहे. कांदा, लसूण, आले, गाजर चालत नाही. ग्योझा करता येईल का? पारीसाठी घरचा खपली गहू वापरू का? (चिकोडी)

उत्तर : करता येईल, आणि त्यात काही तडजोड केली असेही मानू नये. चीनच्या बौद्ध मठांत आणि जपानच्या झेन मठांतील स्वयंपाकात मांसाबरोबर कांदा, लसूण आणि त्यांच्या जातीच्या उग्र वासाच्या भाज्या वर्ज्य आहेत. चातुर्मास पाळणाऱ्यांना हे ओळखीचे वाटेल. सारणासाठी चुरलेले पनीर, बारीक चिरलेली ढबू मिरची, श्रावण घेवडा आणि वाफवून भरडलेले मटार घ्यावेत. कोबी आपल्याकडे चालत असेल तर तो अगदी बारीक चिरून, मीठ चोळून दहा मिनिटे ठेवावा आणि मुठीत घट्ट पिळून पाणी काढून टाकावे. ही पायरी गाळली तर पारी आतून भिजून तव्यालाच चिकटते, आणि बहुतेकांचे ग्योझा येथेच बिघडतात. चवीला मिरपूड, किंचित सुंठ आणि शेवटी चमचाभर तिळाचे तेल पुरे.

खपली गव्हाविषयी आपली निराशा करणे भाग आहे. आपल्या भागातला खपली हुग्गीला आणि खिरीला अप्रतिम, पण त्याच्या पिठाला ताण कमी असतो. कागदासारखी पातळ पारी लाटताना कडा चिरतात आणि चुणी धरत नाही. मैदाच वापरावा. फारच वाटले तर चार वाट्या मैद्यात एक वाटी वस्त्रगाळ केलेले खपलीचे पीठ मिसळून, कढत पाण्याने भिजवून, झाकून अर्धा तास मुरू द्यावे.

एका बैठकीत जास्त करून ठेवायचे असतील तर न शिजवता, पिठी भुरभुरवलेल्या ताटात एकमेकांना न लागतील असे मांडून फ्रीझरमध्ये ठेवावेत आणि घट्ट झाल्यावर डब्यात भरावेत. करताना ते बाहेर काढून मऊ होण्याची वाट पाहू नये. गोठलेलेच तव्यावर टाकावेत आणि पाणी थोडे अधिक ओतावे.